मुनियेची बराक

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं हुशार असावं, पण माझ्याइतकं असू नये!

लढाई संपली आणि मी पलटणीतून कोरेगावजवळच्या आमच्या गावी परत आलो. पलटणीत मी बराकी बांधायचो. त्यामुळं गावातली प्रत्येक भिंत मला वाकडी दिसायला लागली म्हणा ना! धाकट्या बहिणीनं, शेवंतानं, एक मुनिया पाळली होती, चिमणीहून लहान पाखरू. अंगठ्याएवढा जीव, फुटक्या बुट्टीखाली राहायचा. मला ते बघवेना.

"शेवंते, तिला बराकच बांधतो बघ!"

घराच्या पुढच्या सोप्यात पुरुषभर उंच चौकट उभी केली. चारी बाजूंनी आणि वरून दुहेरी जाळी, आत बाभळीच्या डहाळ्या, झोका, पाण्याला वाटी. दार मात्र मुनियेपुरतं, दोन बोटांचं. मोठं केलं तर मांजर नाही का शिरणार? आणि खिळ्याचं टोक तिला टोचू नये म्हणून मी आत बसून खिळे ठोकायचे, बाहेर आलेली टोकं शेवंतानं दगडानं वाकवायची. आहे की नाही डोकं?

शेवटच्या बाजूला शेवंता थांबली.

"दादा, पर तू..."

"हुकूम झाला की इचारायचं न्हाई! ठोक!"

तिनं मुकाट्यानं सगळी टोकं वाकवली. मग म्हणाली, "आता इचारू? तू भायेर कसा येणार रं?"

खिळे उपटायला पक्कड हवी. पक्कड सुताराकडं, आणि सुतार गेलेला बाजाराला! त्यात नेमके त्याच दुपारी रहिमतपूरचे पाहुणे मला बघायला येणार होते. त्यांची मुलगी मी एका लग्नात बघितली होती आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नव्हतं. हे स्थळ हातचं गेलं तर?

पाहुणे आले.

"नवरदेव कुटं हाईत?"

आईनं पदर तोंडाला लावला आणि नुसतं बोट दाखवलं.

पाहुण्यांनी पिंजऱ्याला एक फेरी मारली. मी ताडकन उठून सलाम ठोकला, तर डोकं झोक्यावर आपटलं.

"काम लय पक्कं केलंय," मुलीचे वडील म्हणाले. "कुटं शिकला?"

"पलटणीत."

"आन् भायेर यायचं कवा शिकवत्यात?"

चहाचा कप काही त्या दारातून जाईना. शेवटी शेवंतानं चमच्यानं पाजला. मुनिया बुट्टीवर बसून सगळं बघत होती. पाहुणे "कळवतो" म्हणून उठले. 'कळवतो' म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी सुतारानं मला सोडवलं, पण आता उपयोग काय!

आठ दिवसांनी निरोप आला, स्थळ पसंत! मी मिशीला पीळ भरला. म्हटलं, पाहुण्यांना कामाची पारख आहे बरं का!

लग्नात रुखवत मांडलं. लाडू, करंज्या, पापडांच्या चळती, आणि मधोमध पाटावर, हळदकुंकू वाहिलेली नवी कोरी पक्कड!

मी सासऱ्यांकडं बघितलं.

"माज्याकडं काय बघताय, जावईबापू?" ते म्हणाले. "पोरीनंच घ्यायला लावली. म्हणाली, आबा, माणूस झ्याक हाय, पर त्यास्नी भायेर काढाय कुणीतरी पायजेल!"