नामदेवची हाक

तुमच्या या सदरात लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगतो, की माझा असल्या गोष्टींवर मुळीच विश्वास नव्हता. माझाही नव्हता, आणि त्याला सबळ कारण होतं. पिंगळी स्टेशनाच्या आसपासची निम्मी भुतं मीच उभी केलेली आहेत! पाण्याच्या टाकीखालची पांढरी बाई — ते माझं धोतर. रुळांखालच्या मोरीतून खोकणारा म्हातारा — तो मी स्वतः, तोंडाशी मडकं धरून. एका नव्या स्टेशनमास्तरांना त्या म्हाताऱ्यानं असं पळवलं, की त्यांचा एक जोडा अजून माझ्या हॉटेलात फळीवर आहे. गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवतो.

हे आधी सांगितलं, कारण असले खेळ कसे रचतात ते मला ठाऊक आहे. दोरी कुठं बांधायची, आवाज कुठून सोडायचा, लोक भलतीकडं बघत असताना हात कुठं चालवायचा... गेल्या चैत्रात भर दुपारी आम्ही जे ऐकलं, त्याची दोरी मी अजून शोधतोय.

जागा सांगतो. परभणी सोडून गाडी पूर्णेकडं निघाली की पिंगळी लागतं. स्टेशनाबाहेर एक लिंब, लिंबाखाली माझं पत्र्याचं हॉटेल, दोन बाकडी. समोर रूळ. रुळांपलीकडं काळं रान — चैत्रात नांगरून उघडं पडलेलं, ना झाड ना झुडूप. तिकडून कुत्रं आलं तरी ते कुणाचं, हे चहा गाळता गाळता सांगता येतं.

माझी धाकटी बहीण सुभद्रा बोरीला दिलेली. तिचा नवरा नामदेव आणि वालूरचा माणिक, दोघं जोडीनं लष्करात गेले, सिंगापूरला जपान्यांच्या हाती सापडले, आणि तिथून बोटीत कोंबून न्यू गिनीकडच्या कुठल्याशा बेटावर कैदी म्हणून नेले गेले. लढाई संपली. माणिक परत आला — हाडांवर कातडं ओढलेलं. नामदेव आला नाही. सरकारी कागदावर एवढंच, की बेपत्ता. माणिकला विचारावं तर तो जमिनीकडं बघून म्हणायचा, "जंगलात ताटातूट झाली, आण्णा. म्होरलं मला ठावं न्हाई."

आता सुभद्रा कोण? सवाष्ण की विधवा? हळदीकुंकवाला बायका तिच्यापाशी येऊन थबकायच्या, करंडा हातात तसाच. आमच्यात विधवेचा पाट लावतात. एक भला माणूस तयारही होता. पण नवरा मेला असं कुणी म्हणेल तेव्हा ना! सासरा तिला रोज सांगे, पोरगं येतंय. ती रोज ऐके. पंचविशीतली पोर, नुसती वाट बघून चाळिशीची दिसायला लागली होती.

अशात हैदराबादहून एक प्रोफेसर आले. त्यांचा विषय मेलानेशिया, म्हणजे न्यू गिनी आणि तिच्या अंगाखांद्यावरची बेटं. तिथली माणसं नाती कशी धरतात, डुकरं कशी वाटतात, मेलेल्याचं सुतक कसं पाळतात, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, "साहेब, समुद्र कसा असतो हो?"

"फोटोत फार सुंदर दिसतो," म्हणाले. अजिबात लाजले नाहीत. मला माणूस तिथंच आवडला.

तिथल्या माणसांत राहून आलेला शिपाई आपल्याच मुलखात आहे, हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. भेट माझ्या हॉटेलात ठरली. असला तमाशा मी दुसऱ्याच्या दारात होऊ देतो होय! प्रोफेसरांच्या विनंतीवरून माणिकनं वालूरच्या सुताराला हाताशी धरून तिथल्यासारखा एक नगारा कोरला होता. आंब्याचं आख्खं खोड आतून पोखरलेलं, वर फक्त एक लांब चीर. चामडं नाहीच. गार्डाच्या डब्यातून उतरवताना गार्डानं विचारलं, "पाळणा हाय का?"

"टेलिफोन हाय," माणिक म्हणाला. परत आल्यापासून त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला विनोद.

दुपारची गाडी गेली. सुभद्रा बोरीहून आदल्या दिवशीच आली होती. चुलीशी चहाचं बघत होती, कान इकडं.

माणिक रंगात आला. जपान्यांच्या तावडीतून हे दोघे जंगलात पळाले, तेव्हा तिथल्या एका गावानं त्यांना लपवलं. "पर खायला द्यायच्या आधी आमाला एकेक मामा दिला, साहेब. म्हातारी माणसं जमली, भांडली, मंग ठरलं की ह्याचा मामा ह्यो. तवर पाण्याचा थेंब न्हाई. मला वाटलं, भुकेलं माणूस बघून मस्करी करायलेत."

प्रोफेसर मांडीवर थाप मारून हसले. "नातं नसलेल्या माणसाला वाढायचं कोणत्या हातानं? आधी नातं, मग ताट. त्यांनी तुम्हाला जेवू घालायचा रस्ता काढला, माणिकराव."

माणिकनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "असं होय," म्हणाला. "लय वंगाळ बोललो मी त्यांना मनात."

मग नगाऱ्याचं सांगितलं. गावात प्रत्येक माणसाची स्वतःची हाक असते, नगाऱ्यावरची. माणूस कसा चालतो, कसा वळतो, त्यावरून ती बसवतात. जंगलात, मळ्यात, कुठंही असला तरी आपली हाक ऐकली की त्यानं यायचं. आणि जवळ नगारा असेल तर उत्तर द्यायचं — आधी ‘ऐकलं, निघालो’ याची थाप, ती सगळ्यांची एकच, आणि तिच्या शेपटीला आपली स्वतःची हाक. माणिकनं मुखियाची हाक वाजवली. काठी वरून मारत नाहीत, तिचं टोक चिरेच्या ओठावर हाणतात. आवाज कानात नाही, पोटात वाजतो. फळीवरचे पेले थरथरले. स्टेशनवरचा जमादार धावत आला, "काय वाजवायलाव? परवानगी हाय का?" त्याला मी चहा पाजून बसवला.

"आणि मेलेल्या माणसाची हाक?" प्रोफेसरांनी विचारलं.

"न्हाई वाजवीत. कुणीच न्हाई. मेल्यालं माणूस हाक ऐकून निघतंय, आन् त्याला पोचाया जागा नसती. मंग ते वाटंलाच राहतंय म्हणत्यात."

चुलीपाशी भांडं वाजलं. सुभद्रा पदर सारखा करत पुढं आली.

"माणिकदादा, ह्यांचीबी हाक असंल की."

माणिकच्या हातातली काठी तशीच राहिली.

"होती, वैनी."

"वाजवा की."

प्रोफेसर अजून आपल्याच आनंदात. "पाहा, या पतीचं नाव घेत नाहीत. तिथंही असंच. सासरच्या कित्येकांचं नाव तोंडातून काढायचं नाही, हुबेहूब..." आणि मग त्यांना माणिकचा चेहरा दिसला. त्यांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"नाव तर मी घेत न्हाई," सुभद्रा म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं एकदाबी त्यांना हाक मारली न्हाई मी. ही तरी ऐकू द्या."

तेव्हा मला सगळं कळलं. वाजवली नाही, तर त्या न वाजवण्यातच तिचं कुंकू पुसलं जाणार होतं. माणिकनं माझ्याकडं बघितलं. मी काय करणार? मी चहाच्या पेल्याकडं बघितलं.

त्यानं वाजवली.

नामदेव डावा पाय किंचित ओढायचा, लहानपणी झाडावरून पडल्यामुळं. थाप तशीच होती — एक भरदार, एक घसटलेली, एक भरदार, एक घसटलेली, आणि शेवटी उंबऱ्याशी थांबल्यासारखी एक हलकी. सुभद्रानं डोळे मिटून घेतले. ती चाल आम्ही दोघांनी ओळखली.

माणिकनं काठी खाली ठेवली, आणि समोरच्या रानातून उत्तर आलं.

प्रतिध्वनी म्हणाल तर मीही आधी तेच म्हणालो. पण प्रतिध्वनी आपलंच आपल्याला परत देतो. हे वेगळं होतं. आधी एक सलग, घाईची थाप, जी माणिकनं आम्हाला तोवर वाजवून दाखवलेलीच नव्हती. आणि तिच्या शेपटीला... भरदार, घसटलेली, भरदार, घसटलेली. मग उंबऱ्याशी थांबलेली ती एक हलकी. पेले पुन्हा थरथरले. जमादाराच्या हातातली बशी पडली.

मी रूळ ओलांडून धावलो. उघडं रान, ऊन, ढेकळं. मोरी बघितली — माझं जुनं मडकं होतं, त्यात कोळ्यानं जाळं केलेलं. सायडिंगला एकही वॅगन नव्हती. परत आलो तर सगळे माझ्याकडं बघत होते. जमादार म्हणाला, "आण्णा, ह्या येळंला लय भारी जमवलंस." उभ्या आयुष्यात अशी शाबासकी मिळाली नव्हती, आणि ती माझी नव्हती.

माणिक नगाऱ्याला टेकून बसला होता. "घाईची थाप कंची हुती, वळखली का?" मी विचारलं.

"‘ऐकलं, निघालो’," तो पुटपुटला. मग माझा दंड धरून मला लिंबामागं नेलं. "आण्णा, ह्या हातानं पुरलाय त्याला. तापानं गेला. तिच्या म्होरं जीभच उचलली न्हाई कधी."

"आता उचल," मी म्हणालो.

त्यानं उचलली. तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं — ताप, पाऊस, नारळाच्या झावळ्यांखाली केलेला खड्डा. सुभद्रानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "दादा, मेल्याल्याची वाजवीत न्हाईत, तुमीच म्हणलाव. आन् तुमी वाजवली. उत्तरबी आलं. आता मला कशाला फसवायलाव?"

संध्याकाळच्या गाडीत चढताना प्रोफेसर म्हणाले, "आण्णा, हे मी कुठंच छापणार नाही. उत्तराची थाप मी एका ग्रंथात वाचली होती. तशीच होती. पण ती तुम्ही कुणी वाचलेली नाही, आणि मी वाजवलेली नाही." माणिकनं नगारा तिथंच फोडला. त्या लाकडावर पुढं कितीतरी चहा झाला.

सुभद्रा बोरीला परत गेली नाही. आता माझ्याकडंच असते. दुपारची गाडी गेली की हातातलं काम टाकून रानाकडं तोंड करून बाकड्यावर बसते. त्या भल्या माणसाचं लग्न झालं. मी तिला खूप समजावलं. शेवटी एक दिवस शेजारी बसलो आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा खेळ मांडला.

"सुभे, ते उत्तर मीच वाजवलं हुतं. मोरीत एक माणूस बसवला हुता. तुला बरं वाटावं म्हणून. माणिक खरं सांगायलाय."

हे खोटं आहे. पण इतकं मनापासून मी कधी काही बोललो नव्हतो. पांढऱ्या बाईची, खोकणाऱ्या म्हाताऱ्याची शपथ घेतली. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. क्षणभर मला वाटलं, मानलं हिनं. सुटली.

"मंग वाजवून दाखव," ती म्हणाली.

साखरेचं रिकामं खोकं होतं, ते ओढलं. लाटणं घेतलं. माझ्या हातात कला आहे, असं सगळी पिंगळी म्हणते. नामदेवची चाल मला ठाऊक, ती जमली. पण आधीची ती घाईची थाप... मी वाजवली, मोडली, पुन्हा वाजवली. त्याआधी माणिककडं वालूरला गेलो होतो, पाया पडलो होतो, की शिकव. त्यानं हात मागं बांधून घेतले होते.

सुभद्रानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हे न्हाई," म्हणाली, आणि रानाकडं तोंड फिरवलं.

तुमच्या वाचकांपैकी कुणाला ती दोरी सापडली तर मला कळवा. मी ती माझीच म्हणून तिला दाखवीन. आत्ता दुपारची गाडी गेलीय. ती बाकड्यावर बसलीय. चहा निवून गेलाय, तिला अजून लक्षात नाही.