लॉगिनच्या पडद्यावरची माफी

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायचो. तिथल्या युनिक्स मशीनमध्ये एक फाइल होती. तिच्यात जे लिहू ते लॉगिन करताच प्रत्येकाच्या पडद्यावर यायचं. "आधी ते वाचायचं, अन् तसंच करायचं," असं मीच सगळ्यांना बजावलेलं.

रोजच्या 'सुस्वागतम्'चा कंटाळा आला आणि मला अक्कल सुचली. एका सकाळी मी लिहिलं, "जमीन हलायलीय. बाहेर पळा."

निकाल टाइप करणाऱ्या ताई ते वाचून अनवाणी थेट रस्त्यापर्यंत धावल्या. सगळे हसले, मीही हसलो. मग कुणीतरी हळूच सांगितलं की भूकंपात त्यांची आई आणि भाऊ गेले होते.

त्या परत येऊन बसल्या. "सर, तुम्हीच म्हणला होता, वाचलं की तसंच करायचं," एवढंच बोलल्या.

समोर जाऊन माफी मागायची छाती झाली नाही. मग मी शहाण्यानं त्याच फाइलमध्ये लिहिलं, "ताई, माझं चुकलं." भोवती चांदण्यांची नक्षीही काढली.

चार दिवसांनी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "सर, ते काढा आता. रोज सकाळी तेच आठवायलंय. अन् टायपिंगला आलेल्या नव्या पोरी विचारायल्यात, सरांचं काय चुकलं म्हणून."

"मग काय सांगितलं?"

"म्या कशाला सांगू? तुम्ही सांगा."

फाइल मी तिथल्या तिथं रिकामी केली. त्या पोरींसमोर उभं राहायला मात्र मला संध्याकाळ झाली.