आप्पांचा अर्ध्या अक्षराचा रुपया

चिल्लर आणि किस्से यांचं एक बरं असतं, मुद्दाम साठवावे लागत नाहीत. खिसा उलटा केला की निघतातच! आमच्या नाणेवाल्यांच्या टोळक्यात तर आता नाणी कमी आणि किस्से जास्त झालेत. बायको म्हणते, "अल्बममध्ये किस्सेच लावा, निदान त्यांना गंज तरी चढणार नाही."

टोळकं तसं लहानच. मी केजचा, तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान. मुळे मास्तर शिरूर कासारचे, रिटायर झालेले. आप्पा बीडजवळच्या पालीचे, बागायतदार आणि एकेकाळचे सरपंच. आणि शब्बीरभाई, ज्याच्या बीडच्या जुन्या बाजारातल्या दुकानात आम्ही रविवारी जमतो. पाटीवर 'तांब्या-पितळेची जुनी भांडी' असं लिहिलंय, पण भांडं विकलं गेलेलं आम्ही कुणी पाहिलेलं नाही. त्याचा खरा धंदा जुन्या नाण्यांचा.

*

या सगळ्या किश्शांच्या मुळाशी एक रुपया आहे. निजामाच्या चांदीच्या रुपयावर चारमिनार असतो आणि मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर असतं. सुरुवातीच्या काही रुपयांवर मात्र ते अक्षर अर्धंच आहे. आप्पांकडे निजामाचे झाडून सगळे रुपये आहेत, फक्त हा अर्ध्या अक्षराचा नाही. अल्बममधला तेवढाच एक कप्पा रिकामा. आणि आप्पांचं सगळं लक्ष त्या रिकाम्या कप्प्यात!

निवडणुकीच्या आधी एक उमेदवार मतं मागायला आप्पांच्या वस्तीवर आला. मत मागायला आलेला माणूस मधेच उठू शकत नाही, हे आप्पांना पक्कं ठाऊक. त्यांनी अल्बम काढला. गाडीतले कार्यकर्ते झोपून उठले तरी अल्बम चालूच. शेवटी आप्पा त्या रिकाम्या कप्प्यावर आले आणि गहिवरून म्हणाले, "एवढा अर्ध्या अक्षराचा मिळंना बघा."

उमेदवाराला वाटलं, आता आपण काहीतरी आपुलकीनं बोलावं. तो म्हणाला, "आप्पा, तुमच्याकडं आख्ख्या अक्षराचा हाय की! मग अर्ध्यासाठी कशाला जीव जाळता?"

पालीतनं त्याला मतं पडली नाहीत. आप्पा म्हणतात, "माझा काई संबंध न्हाई."

*

आप्पांची व्यवहाराची शाळा म्हणजे बैलबाजार. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बाजूच्याला पत्ता लागत नाही. आप्पा नाणीही अशीच घेतात. गल्ल्यावर टॉवेल टाकतात, खाली शब्बीरभाईचा हात धरतात आणि मग अर्धा-अर्धा तास दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसतात.

एकदा पुण्याहून एक साहेब दुकानात आले. नाण्यांचे शौकीन, हातात कॅटलॉग. बघतात तर दोन म्हातारे टॉवेलखाली हात धरून गप्प बसलेले. साहेब दबक्या आवाजात मला म्हणाले, "हकीम आहेत का? नाडी बघतायत?"

शब्बीरभाई नजर न हलवता म्हणाला, "व्हय साहेब. पेशंट लई सिरियस हाय. भाव वाढवला की झटका येतो!"

*

मुळे मास्तरांचा किस्सा वेगळाच. मास्तरांनी गावात सहज सांगितलं की जुनी नाणी असतील तर दाखवा, योग्य किंमत देतो. नेमका त्याच सुमारास मोबाइलवर मेसेज फिरत होता, की ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट असेल तर लाखो रुपये मिळतात. झालं! ऊसतोडीवरून माणसं नुकतीच परत आली होती. सकाळी मास्तर दात घासत बाहेर आले तर ओट्यापासून रस्त्यापर्यंत रांग. कुणाकडे ट्रॅक्टरची नोट, कुणाकडे देवीचं चित्र असलेलं नाणं, एकाकडे तर नुसताच ट्रॅक्टर. तो म्हणाला, "नोट न्हाई सर, पण ह्यो जुना हाय."

रांगेत एक आजी होत्या. पदराच्या गाठीतनं त्यांनी दहा रुपयांचं नाणं काढलं. चकचकीत, चालू चलनातलं.

मास्तर म्हणाले, "आजी, हे जुनं नाही. हे चालतं."

"कुटं चालतं?" आजी खवळल्या. "समद्या दुकानात फिरून आले. एक मेला घेत न्हाई. चालत न्हाई म्हंजी जुनंच झालं की!"

आमच्याकडे दहाचं नाणं दुकानदार घेत नाहीत, हे खरंच आहे. मास्तरांनी बत्तीस वर्षं पोरांना शिकवलं, पण आजींपुढे हात टेकले. गुपचूप दहाची नोट दिली. दुपारपर्यंत सगळ्या आळीतली दहाची नाणी मास्तरांच्या घरी जमा झाली.

*

अर्ध्या अक्षराच्या रुपयाबद्दल आप्पा दर रविवारी शब्बीरभाईला विचारायचे, "आला का?" आणि तो म्हणायचा, "येईल आप्पा. नाणं आपल्या पायानं येतं, ओढून आणता येत न्हाई." मग दुसरंच काहीतरी निघायचं, त्यावर टॉवेल पडायचा आणि दुपार जायची.

शेवटी आप्पांचा धीर सुटला. पुण्यात एका हॉटेलात नाण्यांचा लिलाव होता आणि कॅटलॉगमध्ये तो रुपया होता. आप्पा, मास्तर आणि मी निघालो. आप्पांनी नवी टोपी घातली होती, त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, दही-साखर हातावर ठेवलं होतं.

आता आप्पांची आणखी एक सवय सांगायला हवी. भाव पटला नाही की ते उठतात, चप्पल घालतात आणि दुकानाबाहेर पडतात. चार पावलं गेले की मागून शब्बीरभाईची हाक येते, "आप्पा, या मागं!" मग ते परत येतात आणि सौदा होतो. आमच्या बाजारात हे सगळ्यांना माहीत आहे. न उठता सौदा केला तर उलट दुकानदारालाच चुकल्यासारखं वाटतं.

तर रुपया पुकारला गेला. आप्पांनी नंबरची पाटी वर केली. समोरच्यानंही केली. पुन्हा आप्पांनी, पुन्हा त्यानं. बोली आप्पांच्या मनातल्या आकड्यापर्यंत आली आणि आप्पा उठले. टोपी नीट केली, पाटी खुर्चीवर ठेवली आणि संथपणे हॉलच्या बाहेर निघून गेले!

आम्हाला वाटलं, लघवीला गेले असतील. एवढ्यात हातोडा पडला. रुपया समोरच्याला गेला.

बाहेर येऊन बघतो तर आप्पा जिन्यात उभे. पाठ आमच्याकडे आणि कान हॉलकडे. मला बघून हळूच म्हणाले, "अजून हाक कशी मारली न्हाई बे त्यांनी?"

मास्तर म्हणाले, "आप्पा, विकला गेला तो."

आप्पांचा चेहरा उतरला. मग एकदम भडकले, "मला न विचारता?"

हसू दाबताना आम्हा दोघांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण परतीच्या एसटीत आप्पा खिडकीबाहेर बघत बसले होते, तेव्हा खरंच वाईट वाटलं. ही आमची हसायची गोष्ट होती, पण त्यांचा हातात आलेला रुपया गेला होता.

*

पुढच्या रविवारी आप्पांनी तो राग शब्बीरभाईवर काढला.

"एवढी वर्सं तुझ्या नादी लागलो. येईल, येईल! तुमी दुकानदार लोक नुसतं झुलवता. लिलाव बरा. माल समोर, बोली समोर, खोटं काई न्हाई."

शब्बीरभाईही त्या दिवशी पेटला. "बरा असंल तर जावा की! इथं रुपया वाढला तर मला शिव्या घालता. तिथं हजारानं वाढवता, तवा कुणाला घालता?"

"आता तुझ्या दुकानाची पायरी चढणार न्हाई."

आप्पा उठले, चप्पल घातली आणि निघाले. चार पावलं गेले, आठ गेले. कोपऱ्यावरच्या बांगडीवाल्यापर्यंत गेले. मी शब्बीरभाईकडे बघितलं. त्यानं हाक मारली नाही. एक तांब्या घेऊन पुसत बसला. आप्पा कोपऱ्यावर क्षणभर थांबले, मग वळून दिसेनासे झाले.

रविवारची मजाच गेली हो! मास्तर आणि मी जात होतो, पण शब्बीरभाईचं मन लागत नसे. गल्ल्यावर जरा टॉवेल पडला तरी तो दचकून बघायचा. मी एकदा म्हणालो, "फोन तरी कर." तर म्हणाला, "त्यांनी करावा. मोठे सरपंच हाईत ना!"

*

मग एके दिवशी आप्पांचा मला फोन. ऑनलाइन लिलावाच्या यादीत अर्ध्या अक्षराचा रुपया आलाय, ताबडतोब ये! मी पालीला गेलो. घरात रेंज नाही म्हणून आम्ही गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशेजारी बसलो. गावाशेजारच्या धरणावरचा वारा असा, की आप्पांची टोपी काकूंनी हातानं धरून ठेवली होती.

बोली सुरू झाली. आप्पा मोबाइल तोंडाजवळ धरून आकडे ओरडायला लागले. शेजारच्या वस्तीवरची माणसं बाहेर आली. काकू म्हणाल्या, "अवो, ओरडता कावून? बोटानं दाबायचंय!"

"दाबतोय की!"

"मग दाबा नुसतं. ते काय रानात हाईत का, हाका मारायला?"

पलीकडे कुणीतरी हट्टी होता. आप्पांनी वाढवलं की तो वाढवायचा. आप्पांच्या मनातला आकडा कधीच मागे पडला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, कारण मला भीती होती की ते आता उठतील आणि जिना उतरून जातील. एकदा उठलेही. पण काकूंनी टोपीसकट खाली बसवलं आणि म्हणाल्या, "हितं कुणी हाक मारायला न्हाई. घ्यायचा तर घ्या, न्हाईतर जेवायला चला."

आप्पांनी डोळे मिटले आणि दाबलं. पलीकडचा थांबला. रुपया आप्पांचा!

एका पैशाची घासाघीस न करता आप्पांनी आयुष्यात घेतलेली ती पहिली वस्तू. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. आनंदानं की आकड्यानं, हे काकूंनाही सांगता येईना.

*

रुपया आला त्या रविवारी आप्पा मला म्हणाले, "चल, त्या शब्बीरला दाखवून येऊ. जरा जळू दे." पायरी चढणार नाही म्हणाले होते, म्हणून पायरी टाळून ते बाजूच्या कट्ट्यावरून दुकानात शिरले. गुडघे दुखत होते तरी!

मास्तर आधीच येऊन बसले होते. शब्बीरभाईनं वर बघितलं. "या आप्पा," एवढंच म्हणाला.

आप्पांनी खिशातून छोटी डबी काढली आणि गल्ल्यावर ठेवली. शब्बीरभाईनं भिंग डोळ्याला लावलं. चारमिनार बघितला, कमान बघितली, नाणं उलटं करून बघितलं.

"अस्सल हाय," तो म्हणाला. "मुबारक."

आप्पा फुलले. "मग! लिलाव म्हंजी लिलाव. महाग पडला, पण मिळाला. फक्त एक गोष्ट पटली न्हाई बघ. बोलीच्या वर त्यांनी कमिशन घेतलं माझ्याकडून. घेणाऱ्याकडून कमिशन!"

शब्बीरभाईच्या डोळ्यावरचं भिंग खाली आलं.

"तुमच्याकडूनबी कापलं?" तो ओरडला. "या अल्ला! मला तर म्हणाले, फक्त विकणाऱ्याकडून घेतो!"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. मास्तर छताकडे बघायला लागले.

आप्पांनी रुपया उचलला. तळहातावर ठेवून बराच वेळ बघितला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "कवापासून होता तुझ्याकडं?"

शब्बीरभाई भिंग सदऱ्याला पुसत म्हणाला, "तुमी पयल्यांदा दुकानात आलतात ना... त्याच्याबी आधीपासून."

"मग दाखवला कावून न्हाईस बे?"

गल्ल्यावरून वाकून शब्बीरभाईनं समोरच्या हॉटेलवाल्याला आरोळी ठोकली,

"चार चहा पाठव! आन सावकाश पाठव, घाई न्हाई!"