साठेखतावरचे मालक

आमच्या भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा धंदा जागा दाखवण्याचा, पण आव असा की न्यायाधीशानेही यांना विचारून निकाल द्यावा. कुणी साध्या गाळ्याची चौकशी केली तरी त्याला समोर बसवून "आधी जागेवरचा कर्जाचा बोजा म्हणजे काय ते समजून घ्या" सुरू. वकिलाकडे जाणारे सगळे त्यांच्या लेखी बावळट. हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायचा.

ताईच्या नावावरचं घर विकायला लावून त्यांनी एक मोठा फ्लॅट घेतला. घेतला म्हणजे काय, तर घरातल्या घरात साठेखतावर सह्या केल्या, पैसे दिले आणि किल्ल्या घेतल्या. साठेखत हा नुसता विकण्याचा करार, मालकी येते ती खरेदीखत नोंदवल्यावर, हे तेच गिऱ्हाइकांना बोटं नाचवून सांगायचे.

"अहो, आपलं खरेदीखत कधी करायचं?" ताईने विचारलं.

"ताबा आहे ना आपल्याकडे? नोंदणीचा खर्च उगाच कशाला? भाव चढला की परस्पर विकून टाकू. तुला यातलं कळत नाही."

भाऊजींनी दारावर स्वतःच्या नावाची पितळी पाटी ठोकली आणि रोज सकाळी ती रुमालाने पुसू लागले. बघून माझं डोकं फिरायचं.

एका सकाळी पाटी पुसत असतानाच एक बाई कुलूपवाल्याला घेऊन जिना चढून आल्या. विकणाऱ्याने तोच फ्लॅट त्यांना रीतसर खरेदीखताने विकला होता आणि पोबारा केला होता. भाऊजींनी त्यांनाही आधी ताबा म्हणजे काय ते समजावलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या कोर्टात गेल्या. तिथेही हे महाशय वकील न लावता स्वतःच तोंड वाजवत राहिले, आणि हरले.

फ्लॅट सोडून दोघं पिशव्यांसकट भाड्याच्या खोलीवर गेली, तेव्हा मीही बरोबर होते. घरमालकाने करार पुढे ठेवला. भाऊजींनी चष्मा चढवला, घसा खाकरला. "यातलं तिसरं कलम जरा..."

ताईने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला.

"तुम्ही पिशव्या वर आणा," ती म्हणाली.

मग ओळीखाली बोट धरून तिने सगळा करार वाचला, दोन ठिकाणी घरमालकाला अर्थ विचारला आणि सही केली. दारावरून काढून आणलेली पितळी पाटी पिशवीतच राहिली.