फिरत्या आवाजाची कॅसेट

आमची कॅसेट बिघडलेली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची कितीतरी वर्षं लोक मला तेच ऐकवत आले. आवाज जवळ येतो, लांब जातो, पुन्हा जवळ येतो. हेड साफ करा, कॅसेट बदलून द्या. काही बदलून मिळणार नाही. ती तशीच आहे आणि तशीच असायला हवी.

मी लग्न होऊन वालावलीत आले तेव्हा फुगडीची गाणी रचणारी गावात एकच बाई होती, आमची शेजारची काकी. गावच्या नळावर, मास्तरांच्या छत्रीवर, कोणाच्या आळशी जावयावर ती बसल्याबसल्या गाणं जुळवायची. चौथीला, म्हणजे गणपतीत, आम्ही बायका घरासमोरच्या खळ्यात तिचीच गाणी म्हणत गरगर फिरायचो आणि काकी कडेला उभी राहून टाळ्या वाजवायची. तिचे यजमान वारले होते, आणि नवरा गेलेल्या बाईला फुगडीत घ्यायचं नाही असा रिवाज. तिचं गाणं चालायचं, तिचे पाय चालत नव्हते. मला तेव्हाही याचा संताप यायचा, पण नव्या सुनेच्या संतापाला विचारतो कोण?

धाकटा दीर मस्कतहून टेपरेकॉर्डर घेऊन आला त्या वर्षी मी आणि माझ्या जावेने ठरवलं, काकीच्या गाण्यांची कॅसेट काढायची. कंपनी नको, कोणी नको. त्या दिवसांत ज्याच्या हाती टेप तो गायक झाला होता. भजनीबुवांच्या कॅसेटी निघत होत्या, मग फुगडीनेच काय घोडं मारलं होतं?

एका दुपारी आम्ही तिघी माजघरात जमलो. दिराने बटण दाबलं आणि आमची दातखीळ बसली. ताठ उभं राहून गायचं म्हटल्यावर शब्दच आठवेनात. काकीला तिचं स्वतःचं गाणं आठवेना! पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. दीर वैतागला. शेवटी जाऊ म्हणाली, "गो, फिरल्याशिवाय फुगडी येतली कशी?"

मी जावेचे हात धरायला वळले, तर माझे हात काकीने आधीच पकडले होते.

"हो काय सण न्हय," ती म्हणाली. "ह्यां रेकॉर्डिंग आसा."

पायांना पाय लावले, मागे झुकलो, आणि गाणं आपसूक आलं:

नळ इलो गो नळ इलो, गावभर गाजलो,
नळाच्या तोंडात कोळी येवन निजलो!

टेप खुर्चीवर एका जागी, आम्ही गरगरा. काकीचं तोंड टेपकडे आलं की आवाज मोठा व्हायचा, पाठ फिरली की विहिरीतून आल्यासारखा लागायचा. मधेमधे पायांची धपधप, माझ्या बांगड्या, 'फू फू', आणि काकीचं खिदळणं. इतक्या वर्षांत मी तिला तशी हसताना ऐकली नव्हती.

ती कॅसेट घेऊन काकी आणि मी बांद्याला गेलो. हमरस्त्यालगत एक कॅसेटचं दुकान होतं. तिथे ठेवली की गोव्याला जाणारा-येणारा प्रत्येकजण घेईल असा आमचा हिशेब. दुकानदाराने ऐकली आणि मधेच बंद केली.

"गाणी फक्कड आहेत हो वहिनी, पण आवाज असा पळतो कसा? माझ्याकडे एक मुलगी आहे, गोड गळ्याची. तबला घालू, ती उभी राहून नीट म्हणेल. कव्हरवर नाव काकींचंच टाकू. ही अशी मात्र मी दुकानात ठेवणार नाही." तिथल्याच वाचनालयात त्याने नव्या कॅसेटवाल्यांचा कार्यक्रम ठरवला होता. आम्हालाही बोलावलं, आणि तोवर विचार करून सांगा म्हणाला.

परतीच्या एस.टी.त काकीने विचारलं, "गाणी माझीच ऱ्हवतली मां?"

म्हटलं, राहतील.

कुडाळला उतरताना म्हणाली, "फिरणां मात्र जातलां."

वाचनालयातल्या कार्यक्रमाचं नाव होतं 'नव्या कॅसेटमागील प्रेरणा'. पहिले उठले आरोंद्याचे भजनीबुवा. "सगळी देवाची कृपा," ते म्हणाले, "मी नुसतो निमित्त." बुवांच्या झाडून साऱ्या चाली सिनेमातल्या होत्या, त्यांचा देव बरेच सिनेमे बघत असावा. मग भावगीतं गाणारे एक गुरुजी अथांग सागर आणि चांदणं यांवर इतकं बोलले की चहा निवला. नंतर दुकानदाराने मला खूण केली, कारण मला पुस्तकी बोलता येत होतं. मी जागची हलले नाही. म्हटलं, गाणी काकींची आहेत, काकीच बोलतील.

काकी उठली आणि तिने पदर खोचला.

"प्रेरणा म्हंजे काय तां माका ठावक नाय. माका फुगडी घालूची होती. घोव मेलो त्या दिसापासून माका कोणी फुगडेक घेवक नाय. गाणी माझी, फिरणां दुसऱ्यांचां. ह्या कॅसेटीत मी फिरलंय. त्या गोड गळ्याच्या चेडवाचो माका राग नाय, पण तां उभ्यान गातलां आणि मी परत कडेक ऱ्हवतलंय. नको. तुमचां दुकान तुमका बरां."

पुढच्या रांगांमधून एकही टाळी आली नाही. मागच्या बायकांनी मात्र वाजवल्या, आधी दबकत, मग चांगल्या जोरात. दुकानदार घाईघाईने आभारांकडे वळला. मला इतका अभिमान वाटला की कोणाशी तरी कचकचून भांडावं असं झालं.

दुकानात जागा मिळाली नाही ती नाहीच. मग आम्ही प्रती काढून घेतल्या आणि आठवड्याच्या बाजारात भाजीवाल्या बायकांशेजारी टेप लावून कॅसेटी विकल्या. गिऱ्हाइकं तक्रार घेऊन परत यायची. "काकी, आवाज जाता-येता मगो!"

"आवाज खंय जाता? मी फिरतंय!" काकी म्हणायची, आणि कॅसेट परत घ्यायची नाही.

पुढच्या चौथीला आमच्या खळ्यात फुगडी रंगली. काकी नेहमीसारखी कडेला. नळाचं गाणं सुरू झालं तसा तिने पदर खोचला आणि चालत मधोमध येऊन उभी राहिली. गाणं थांबलं. ओटीवरून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "काय गो ह्यां? आज सण आसा."

"ठावक आसा," काकी म्हणाली. "वरीसभर सगळ्या गावान माका फुगडी घालताना आयकल्यान. कोणाच्या घरार वीज पडली ती सांग."

मी काकीचे हात धरले.

आम्ही फिरायला लागलो तशी खळं, ओटी, सासूबाई, सगळंच फिरायला लागलं. काकी खच्चून गात होती आणि तिचा आवाज माझ्या तोंडासमोर होता, जराही इकडे-तिकडे न होता. तेव्हा मला कळलं, तिच्याबरोबर फिरणाऱ्याला तो आवाज कधीच लांब जात नाही. लांब जातो तो कडेला उभं राहून ऐकणाऱ्यांना.