चुळीएवढी नदी

गौरीला मी आजवर कधी कर्जतला गेले नव्हते. सुलभा दरवर्षी बोलवायची आणि मी दरवर्षी काहीतरी कारण काढायची. आमची मैत्री वसतिगृहातल्या एका खोलीतली. तिचं लग्न होऊन ती कर्जतमधल्या भिसेगावला गेली, मी पुण्यात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. या वर्षी तिचा फोन आला तो वेगळाच. "दोन दिवस आधी ये. मला तुझ्याबरोबर नद्या बघायच्यात."

सुलभाला नद्या बघायच्या? जन्मभर नदीकाठच्या गावात राहून जिनं कधी पुलावर थांबून खाली पाहिलं नाही, तिला? मी म्हटलं, येते. कारण विचारलं नाही, कारण मला ते साधारण ठाऊक होतं.

गेल्या वर्षी तिच्या सुनेची, तन्वीची, या घरातली पहिली गौर होती. तन्वीला तेव्हा सहावा महिना. गौर होऊन पाचेक आठवडे झाले आणि तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ पाण्यातून येणारी निघाली. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, हा प्रकार फार वाईट. तन्वी वाचली. बाळ गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, चौथा लागला होता, आणि गौर पुन्हा दारात उभी होती.

भाद्रपदात निघायचं तर तयारी ठेवा. घाटात धुकं असतं, वायपर चांगले हवेत, आणि ट्रकच्या मागे मागे रांगायची लाज वाटून घेऊ नका. मी साठीची बाई, छोटी गाडी, डावी मार्गिका सोडत नाही. खोपोलीला द्रुतगती मार्ग सोडला आणि खालापूरच्या एसटी थांब्यावर सुलभा छत्री घेऊन उभी दिसली. एवढ्या लांब कशाला आलीस म्हटलं, तर म्हणाली, "तुला रस्ते कधी सापडलेत का? वसतिगृहातून कॉलेजला जाताना चुकायचीस."

आधी चहा झाला, कांदाभजी झाली. कचेऱ्यांच्या आसपासच्या टपऱ्यांवर भजी गरम मिळतात कारण कामासाठी आलेली माणसं सतत थांबलेली असतात. मग आम्ही पाताळगंगेच्या पुलावर जाऊन गाडी कडेला लावली. नदी भरून, तांबूस, घाईघाईनं चाललेली.

मी तिला सांगत होते की ही नदी निम्मी माणसानं आणलेली आहे. घाटमाथ्यावर पडलेला हा पाऊस खरं तर पूर्वेला, इंद्रायणीकडे जायचा. धरणांनी तो अडवला, मोठ्या नळांतून डोंगराखाली सोडला, त्यावर वीज केली, आणि ते पाणी पाताळगंगेला मिळालं. म्हणून ऐन वैशाखात आजूबाजूचे ओढे कोरडे पडतात तेव्हाही ही वाहते. वाहत्या पाण्याच्या भरवशावर मग गावं वाढली, कारखाने आले, आणि प्रत्येकाला वाटलं की नदी आपलं सगळं वाहून नेईल.

"नेत नाही का?" सुलभानं विचारलं.

"नेते ना. पुढच्या गावाला नेऊन देते."

ती कठड्यावर हात ठेवून बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चुळीतून होतं का गं?"

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे उभ्याच्या, मुखवट्यांच्या गौरी असतात त्यांच्यासाठी सांगते. सुलभाकडे खड्यांची गौर. घरातली लेक किंवा सून नदीवर जाते, काठावरचे खडे वेचते, तबकात घेते आणि तोंडात नदीच्या पाण्याची चूळ धरून घरी येते. वाटेत बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. चूळ असली की बोलताच येत नाही, अशी ती युक्ती. दारात आली की चूळ तुळशीत टाकायची, मग तोंड उघडायचं.

"होऊ शकतं," मी म्हटलं.

"पण चूळ तर आपण थुंकतो."

"थोडं आत जातंच. शिवाय पाणी तोंडात किती वेळ असतं?"

"आणि गिळलं तर?"

"तर जास्त," मी म्हटलं. "पण हे बघ सुलू, कुठल्या पाण्यातून आली ते कुणालाच सांगता येणार नाही. ही कावीळ अंगात कित्येक आठवडे दबून असते. मधल्या काळात माणूस कुठं कुठं पाणी पितो! लग्नातलं सरबत, बसस्टँडवरचा बर्फ, काहीही असू शकतं."

"म्हणजे चूळही असू शकते."

"असू शकते."

मला खोटं बोलता आलं असतं. मैत्रिणीशी तसं बोलायला हवं होतं, असंही कुणी म्हणेल. पण तिनं मला पुण्याहून बोलावलं होतं ते खोटं ऐकायला नव्हे. पळसदरीच्या बाजूनं कर्जतला निघालो. रस्त्यावर खड्डे इतके की बोलायची सवड नव्हती. सुलभा एवढंच एकदा म्हणाली, "घरातली माणसं काय म्हणतात माहितीये? तन्वी वाटेत बोलली असणार. नाहीतर मागे बघितलं असणार. म्हणून असं झालं." मी चिडून काहीतरी बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडावला गेलो. तिच्याकडे दूध तिथल्या एका घरून येतं, त्यांना सणाचं जास्तीचं दूध सांगायचं होतं. भातखाचरांमधून जाणारा हा रस्ता मला या सगळ्या प्रवासात सर्वांत आवडला. वाटेत पेज नदी लागते; तीही पाताळगंगेसारखीच, वीज करून सोडलेल्या पाण्यानं बारमाही झालेली. गाडीतून उतरून बांधावरून चाला, पण पायात बूट हवेत. हे हौसेपोटी सांगत नाही. उंदरांच्या आणि गुराढोरांच्या मुतातून लेप्टोचा जंतू साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगेतून माणसात शिरतो. पावसाळ्यात ताप आला आणि पोटऱ्या ठणकल्या तर अंगावर काढू नका, सरळ दवाखाना गाठा.

खाचरात दोन बाया गुडघाभर चिखलात वाकून तण काढत होत्या.

"गोळी खाल्लीस का गं?" एक दुसरीला विचारत होती.

"खाल्ली. मळमळतंय नुसतं."

"मळमळू दे. लेप्टो झाला म्हंजे मंग कळंल."

सुलभा बांधावर उभी राहिली आणि तिनं एकदम विचारलं, "तुमच्याकडे गौर आणताना चूळ कुठली घेता हो?"

"नदीची!" पहिली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "नदीचीच लागतं. नायतर गौर येत नाय."

"तर तर!" दुसरी म्हणाली. "गौर काय तुज्या तोंडात बगायला येतंय का, पानी कुटलं हाय ते?"

"तू गप गं. तुला काय म्हायती!"

दोघी हसल्या, पुन्हा वाकल्या. सुलभा हसली नाही. तिला एक उत्तर हवं होतं आणि मिळाली दोन.

दुपारी घरी तेरड्याचे ढीग पडले होते. गौरीला इकडे तेरडा लागतोच. सुलभा स्वयंपाकघरात घावनांच्या पिठाशी, आणि मी व तन्वी ओटीवर तेरडा निवडत बसलो. तन्वी कमी बोलणारी, बँकेत नोकरी करणारी, नीटस मुलगी. या वर्षी दुसरी कुणीतरी गौर आणेल असं सुलभा म्हणाली होती, तेव्हा हिनंच हट्ट धरला होता. "मीच आणणार." आणली नसती तर सगळ्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं ना!

पाच-दहा मिनिटं आम्ही नुसत्या काड्या मोडत होतो. मग ती हळूच म्हणाली, "मावशी, एक घोट पुरतो का?"

माझ्या हातातली काडी तशीच राहिली.

"गेल्या वर्षी वळणावर मागून एक बाईक आली, जोरात हॉर्न मारला. मी दचकले. ठसका लागला. थुंकलं असतं तर गौर मोडली असती. म्हणून गिळलं. मग तशीच आले, रिकाम्या तोंडानं. बोलले मात्र नाही. तुळशीपाशी नुसती वाकले." तिनं आत स्वयंपाकघराकडे बघितलं. "आईंना माहीत नाही."

म्हणजे सगळे म्हणत होते की हिनं मौन मोडलं, आणि मौन मोडू नये म्हणूनच या पोरीनं ते पाणी गिळलं होतं. मला रडू फुटलं. मी तिला जे सुलभाला सांगितलं तेच सांगितलं: एक घोट पुरू शकतो, पण तोच घोट होता असं जगातली कुठलीही प्रयोगशाळा आता सांगू शकणार नाही. आणि ठसका लागलेल्या माणसानं घोट गिळला यात गुन्हा कसला? ती मान हलवत राहिली. पटलं होतं असं मला वाटलं नाही.

संध्याकाळी मी एकटीच नदीवर जाऊन आले. उल्हास इथं अजून तरुण आहे, वरच्या डोंगरांतून नुकतीच उतरलेली. कडेला उंबर, करंज, पाण्यावर वाकलेल्या फांद्या. पायऱ्या जुन्या, झिजलेल्या. पण पायऱ्यांच्या थोडं वर एक नाला नदीत पडतो. तो पूर्वी पावसाचा ओढा होता, आता वरच्या नव्या इमारतींचं सांडपाणी त्यातून येतं. लोकांना वाटतं, पावसाळ्यात नदी भरलेली असते, सगळं धुऊन जातं. उलट आहे. पाऊस पडला की गटारं तुंबतात, शौचालयांच्या टाक्या उतू जातात आणि सगळं एकदम नदीत येतं. खडे ज्या पायरीवर वेचायचे ती पायरी बदललेली नाही. वरची वस्ती बदलली. नदी बघायला येणाऱ्यांनी इथं पाय बुडवू नयेत एवढंच सांगेन. बघायला मात्र जरूर या, कारण कुणी बघत नाही म्हणून हे असं झालंय.

परत आले तर गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी खळखळा उकळत होतं. चहाला म्हणून मी त्यात डोकावले, तर सुलभा ओरडली, "हात नको लावूस त्याला!" सणाच्या घाईत बायका ओरडतातच. मी बाजूला झाले.

सकाळी आम्ही तिघीच निघालो. तन्वी हिरव्या साडीत, हातात तबक. सुलभाकडे घंटा आणि खांद्याला कापडी पिशवी. पायऱ्या निसरड्या होत्या, मी तन्वीचा दंड धरला. तिनं हळदकुंकू वाहिलं, नदीला नमस्कार केला, खडे वेचले, तबकात ठेवून वर रुमाल टाकला. मग ओंजळ करून पाण्याकडे वाकली.

मी तोंड उघडणारच होते. काय बोलणार होते कोण जाणे. तेवढ्यात सुलभानं तिचा हात धरला.

"थांब."

तिनं पिशवीतून लहानसा तांब्या काढला, झाकण बांधलेला. गाठ सुटेना. मी सोडवायला पुढे झाले तर तिनं मला ढकललं. शेवटी सुटली. तन्वीच्या ओंजळीत तिनं पाणी ओतलं.

"काल उकळून ठेवलंय. घे. गौरीला मी सांगितलंय, काय ते माझ्या माथी."

तन्वीनं चूळ भरली. गाल फुगले. सासूकडे बघत राहिली.

सुलभानं तिच्या कपाळावरचे ओले केस मागे केले आणि अगदी हळू म्हणाली, "गिळलंस तरी चालेल."

तन्वीचे डोळे मोठे झाले.

"गेल्या वर्षी तुळशीपाशी तुझ्या तोंडातून थेंब पडला नव्हता. मी दारातच होते ना. बघितलं होतं मी. पण विचारलं असतं तर मला कळलं असतं, बाई. मला कळायला नको होतं. नदीची चूळ घे, नदीचीच घे, असं मीच तुला पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं होतं."

तन्वीच्या तोंडात पाणी, हातात गौर. डोळ्यांतून नुसत्या धारा. सुलभानं घंटा वाजवायला घेतली आणि आम्ही निघालो, कुणीही मागे न बघता. त्या वळणावर सुलभा रस्त्याच्या बाजूनं चालली, सून आतल्या बाजूला. एक टेंपो हॉर्न मारत आला तर सुलभानं घंटा अशी वाजवली की तो ड्रायव्हरच दचकला.

दारात पायांवर दूधपाणी घातलं. तुळशीपाशी तन्वी वाकली आणि चूळ टाकली. भरपूर पाणी पडलं. सुलभा बघत होती. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की शेजारच्या काकी, "काय झालं, काय झालं" करत धावत आल्या. "काही नाही," सुलभा म्हणाली, "गौर आली."

मला सुलभानं घावन-घाटलं खाल्ल्याशिवाय निघू दिलं नाही. येताना कर्जतचा वडापाव बांधून घेतला आणि घाट चढून पुण्याला आले.

याला दीडेक महिना झाला. लोक मला विचारतात, तुम्ही शास्त्रातल्या, तुम्ही असल्या रूढी कशा चालवून घेता? मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. नदीला वर्षातून एकदा तोंड लावणाऱ्या बायका होत्या म्हणून ती प्यायच्या लायकीची राहावी असं कुणाला तरी वाटत होतं. उकळलेल्या पाण्यानं तन्वीपुरतं भागलं. नाला आहे तिथंच आहे, आणि ही गोष्ट मला पुण्यात बसून टोचते.

परवा सुलभाचा फोन आला. गल्लीतल्या बायकांना घेऊन ती नाल्याबद्दल नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन आली म्हणे. साहेब आधी भेटेनात, मग भेटले.

"मग? काय झालं?"

"होईल म्हणतात. मी काय सोडतेय? एवढी बोलले गं, एवढी बोलले की घसा सुकला माझा."

"आणि तन्वी?"

"पडलीये जरा. पोटात लाथा मारतंय म्हणते."