टोमॅटो पेस्टचा अख्खा डबा

सासूबाई मला ओळखेनाशा झाल्या, तेव्हा सगळ्यात आधी गेलं ते 'अगं'. लग्न होऊन घरात आले तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'अगं'च होते. अगं, कुकर लाव. अगं, दूध उतू जातंय. गिरगाव सोडून भाईंदरला राहायला आलो, तरी 'अगं' काही सुटलं नाही. आणि एके दिवशी सकाळी मी चहा समोर ठेवला, तर म्हणाल्या, "ठेवा बाई तिथं. तुम्ही घेतलात का?" मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, कुठली बाई आलीय एवढ्या सकाळी?

ती बाई म्हणजे मीच. त्यांच्या लेखी मी आता स्वयंपाकाला ठेवलेली कुणीतरी होते. मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या ओळखत होत्या. तारोडीहून बोंबील घेऊन येणाऱ्या कोळणीशी तर पूर्वीसारखीच घासाघीस करत होत्या. तिनंच एकदा मला हळूच विचारलं, "मावशी मला वळखते, नि तुला न्हाय?" मी काय सांगणार, कप्पाळ! राग येत होता, पण तो काढायचा कुणावर, तेच कळत नव्हतं.

त्यातून त्यांनी जेवणही सोडल्यासारखंच केलं. कोणी बाहेर गेलेलं असलं की त्याचं ताट आधी काढून झाकून ठेवायचं आणि मगच घरातल्यांनी बसायचं, ही त्यांची जुनी रीत. आता आम्ही दोघं समोर बसलेले असलो तरी त्या दोन घास खाऊन हात आखडता घ्यायच्या आणि दाराकडे बघत राहायच्या. कुणाची वाट बघताय विचारलं, तर ताट पुढे सरकवायच्या. डॉक्टर म्हणाले, काहीही द्या, पण पोटात जाऊ द्या.

अशात एका रविवारी दुपारी त्या मला म्हणाल्या, "अहो बाई, आमची नात करायची त्या तांबड्या शेवया येतात का हो तुम्हाला?"

तांबड्या शेवया म्हणजे स्पगेटी. माझी मुलगी बंगळुरूला जाण्यापूर्वी सुट्टीच्या दिवशी करायची. सॉस आयता आणलेला तिला चालायचा नाही. मी त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर पडायची, कारण नंतरचा पसारा बघवायचा नाही. म्हणजे बघा, नात आठवते, नातीच्या शेवया आठवतात, आणि मधली मी तेवढी गळाले! तरीही त्यांनी तोंडानं काही मागितलं, याचाच मला इतका आनंद झाला की मी पिशवी घेऊन निघालेच.

दुकानात जाऊन टोमॅटो प्युरी मागितली. "प्युरी तो खतम है आंटी, पेस्ट है. सेम ही है," दुकानदार म्हणाला. मी सेम समजून डबा आणला. घरी येऊन मुलीला फोन लावला. कांदा-लसूण परत, पेस्ट तेलात चांगली परत, मग पाणी घाल, ओरेगॅनो घाल, असं तिनं सांगितलं. सोपं वाटलं. पण कढईत तेल तापलं आणि हातानं सवयीनं मोहरी-हिंग टाकून दिला. डोक्याला पत्ता लागेपर्यंत मोहरी तडतडून मोकळी. आता काढायची कशी? पुढे कांदा, लसूण आणि वर तो डबा उपडा केला. आतून जे बाहेर आलं ते मारुतीच्या शेंदरासारखं घट्ट. परतता परतता हात भरून आला. चव घेतली तर दात आंबले.

पुन्हा फोन. "आई, अख्खा डबा? अगं, दोन-तीन चमचे घालायचे असतात!"

हे आधी सांगायला काय झालं होतं? मग सुरू झालं पाणी. पाणी घातलं की कढई पुरेना, म्हणून पातेलं. पातेल्यात ते आमटीसारखं दिसायला लागलं, म्हणून आटवलं. आटवलं की पुन्हा आंबट, म्हणून गुळाचा खडा. ओरेगॅनो म्हणून पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या चमच्यांच्या खणात साठल्या होत्या, त्या फोडल्या. त्यातली एक मिरचीची निघाली. आता याला सॉस म्हणायचं, सार म्हणायचं की आणखी काही, मला सांगता येईना. स्पगेटी मोडून शिजवली, त्यात हे कालवलं आणि वाटीत घालून समोर ठेवलं. जीव नुसता टांगणीला.

सासूबाईंनी आधी आणखी एक वाटी मागितली. माझ्याकडून भरून घेतली आणि तिच्यावर ताटली झाकली. "बाई, हिला हात लावू नका हं. आमची सून यायचीय ऑफिसातून."

मग त्या निवांत जेवल्या. वाटी रिकामी केली आणि पुन्हा दाराकडे बघत बसल्या.

मी ओट्याशी उभी. ऑफिस सोडून मला वर्ष उलटून गेलं होतं. रडावं की 'आई, मी इथेच आहे' म्हणून ओरडावं, काही कळेना. ओरडून पाहिलं होतं पूर्वी. त्या घाबरल्या होत्या. मग काय डोक्यात आलं कोण जाणे, आतल्या खोलीत जाऊन खुंटीवरची जुनी पर्स खांद्याला लावली, त्या चूळ भरायला उठल्या तेवढ्यात मागच्या मागे बाहेर पडून दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली.

नवऱ्यानं दार उघडलं. "कुठे गेली होतीस?" मी त्याला हातानंच गप्प केलं आणि आत जाऊन चपला काढल्या.

"अगं, आलीस?" सासूबाई म्हणाल्या. "किती गं उशीर! हातपाय धू आणि खाऊन घे. त्या बाईंनी तांबड्या शेवया केल्यात, तुझ्यासाठी काढून ठेवल्यात."

मी ताटली उचलली. त्या पुढे वाकल्या आणि स्वयंपाकघराकडे बघत आवाज खाली आणून म्हणाल्या, "आंबट झाल्यात जरा. पण बोलू नकोस हं त्यांना काही. खूप करतात बिचाऱ्या माझं."

"नाही बोलणार, आई," मी म्हटलं, आणि खायला बसले.